भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक : डॉ. शियाली रामामृत रंगनाथन

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात आमच्या वाचकांस परिचित आहे. संत, वीर, समाजसुधारक आणि देशभक्त यांची चरित्रे आपल्या घरोघरी आवडीने वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही एका ग्रंथपालाचे चरित्र सादर करीत आहो. ग्रंथपाल म्हणजे टेबलापलीकडे बसून पुस्तकावर तारखेचा शिक्का मारणारा गृहस्थ, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. नवल असे की, ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो, त्यांची स्वतःची समजूतही वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत याहून फारशी निराळी नव्हती.

शियाली रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात तंजावर जिल्ह्यातील शियाली या गावी झाला. वडील रामामृत अय्यर हे लहानसे जमीनदार. रामायणाचे वाचन करून ते श्रोत्यांस कथा समजावून सांगत. रंगनाथन सहा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. शिक्षण आप्तांच्या आधाराने झाले. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात एडवर्ड रॉस या गणिताच्या प्राध्यापकांचा सहवास लाभला आणि या गुरूंचा ठसा शिष्याच्या मनावर जन्मभर राहिला. १९१६ मध्ये गणितात एम्. ए. झाल्यावर रंगनाथन यांनी मंगळूर, कोइमतूर आणि अखेरीस मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे अध्यापन केले. शिकविण्यात त्यांचा जीव रमत होता. आयुष्य असेच गणितात जावे, यापलीकडे त्यांची काही अपेक्षा होती असे दिसत नाही.

अशा माणसास १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमले. अर्ज त्यांनी स्नेह्यांच्या आग्रहाखातर केला होता. ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण शून्य. नव्या जागेवर गेल्यावर तेथील एकांताने आणि रिकामपणाने ते इतके कंटाळले की, थोड्याच दिवसांत पुन्हा कॉलेजात येऊन, मला माझे गणित परत द्या, अशा अर्थाची विनवणी त्यांनी अधिकाऱ्यांकडे केली. तेव्हा तोडगा निघाला तो असा : त्यांनी विलायतेस जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे आणि परत आल्यावरही मन रमले नाही तर खुशाल गणिताकडे वळावे. आपल्या देशातील एका नव्या शास्त्राचा आरंभ अशा रीतीने एका नाराज नोकराच्या रजेतून झाला आहे!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाचे विद्यालय होते. तेथे वर्गीकरण हा विषय बर्विक सेयर्स हे शिकवीत. रंगनाथन यांनी वर्गातील पाठांवर समाधान मानले नाही. शंभरांहून अधिक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. कामगार, गृहिणी, लहान मुले सायंकाळी आपल्या पायांनी ग्रंथालयात येतात आणि हवे ते पुस्तक घेऊन जातात, हे दृश्य त्यांस नवीन होते. त्याचबरोबर त्यांच्यातील गणितज्ञाला एक गोष्ट खटकू लागली. प्रत्येक ग्रंथालय आपापल्या वहिवाटीप्रमाणे चाले. या वहिवाटींच्या बुडाशी तत्त्व कोणते, हे मात्र कोणी सांगत नसे. ज्या विषयात नियम पुष्कळ आहेत पण सिद्धान्त नाही, असा विषय म्हणजे गणितज्ञाला आयते आव्हानच. गणिताकडे परत जाण्याची गोष्ट तेथेच मागे पडली.

येथे मूळ अडचण काय होती ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण रंगनाथन यांचे सारे आयुष्य तिच्याभोवती फिरले. अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले होते. त्यात समग्र ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, अशी विभागणी आहे. वाण्याच्या दुकानात भिंतीला लागून खणांचे कपाट असते आणि हरएक खणावर जिन्नसाचे नाव असते, तसा हा प्रकार. जोवर ठराविक जिन्नस येत आहेत तोवर कपाट उत्तम चालते. परंतु विज्ञानात दर वर्षी नवा जिन्नस येतो आणि तोही एका खणाचा नसतो. फुफ्फुसाच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारासंबंधी भारतात झालेले संशोधन, असा एखादा विषय घ्या. हा निबंध फुफ्फुसाच्या खणात टाकावा, क्षयाच्या, क्ष-किरणांच्या की भारताच्या? एका खणात टाकला की बाकीच्या तिन्ही ठिकाणी शोधणाऱ्याला तो नाहीसा झाल्यासारखाच.

लंडनमधील सेल्फ्रिज या प्रचंड दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, मळसूत्रे हे तेच थोडे भाग. त्यांपासून आज पूल होतो, उद्या गाडी होते. आमच्या वाचकांस आपल्या बाराखडीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. आपली वर्णमाला पाठ झालेले मूल कधी न ऐकलेला शब्दही लिहू शकते, कारण त्याने शब्दांची यादी पाठ केलेली नसते, वर्ण आणि त्यांच्या जोडणीची रीत शिकलेली असते. रंगनाथन यांनी विषयांचे नेमके हेच केले. तयार विषयांची यादी देण्याऐवजी त्यांनी विषयांचे घटक दिले आणि ते जोडण्याचे नियम दिले. जोडणीसाठी जे चिन्ह प्रथम वापरले ते इंग्रजीतील कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम. यावरून या पद्धतीस कोलन वर्गीकरण हे नाव पडले आणि मराठीत ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. १९२५ मध्ये स्वदेशी परतताना बोटीवरील लहानशा ग्रंथसंग्रहावर त्यांनी आपल्या कल्पनेचा पहिला प्रयोग केला. ग्रंथरूपाने ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तालिका कशी लिहावी याचे नियम पुढच्याच वर्षी.

पुढे त्यांनी घटकांची पाच मूलभूत जातींत मांडणी केली : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल. वरच्या उदाहरणात फुफ्फुस हे व्यक्तित्व. क्षय, उपचार, क्ष-किरण हे त्यानंतरचे घटक. भारत हे स्थल आणि संशोधनाचे दशक हा काल. प्रत्येक घटकाला लहानसे चिन्ह आहे. ती क्रमाने ओवली की त्या निबंधाचा असा क्रमांक तयार होतो, की जाणत्याने तो वाचताच निबंध कशाविषयी आहे हे पुस्तक न उघडता सांगावे. घटकांस त्यांनी दिलेली पैलू ही संज्ञा आज जगभर रूढ आहे. आमच्या मते ही कल्पना एखाद्या यंत्राच्या शोधाइतकीच मोलाची आहे. न लिहिल्या गेलेल्या निबंधाची जागा आधीच राखून ठेवणे, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

याच मद्रासच्या आसमंतात, रंगनाथन यांच्याहून केवळ पाच वर्षांनी वडील असा, एक अलौकिक पुरुष होऊन गेला होता. श्रीनिवास रामानुजन यांचे नाव कोणत्या भारतीयास ठाऊक नाही? कुंभकोणमच्या या तरुणाच्या हाती कार नामक इंग्रज लेखकाचा एक जुना सूत्रसंग्रह पडला आणि तेवढ्या शिदोरीवर त्याने गणिताचे अरण्य एकट्याने तुडविले. त्याने शोधलेल्या सूत्रांत अनेक सर्वस्वी नवी होती. परंतु काही अशीही निघाली की जी युरोपात फार पूर्वीच सिद्ध होऊन छापली गेली होती. ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. रामानुजन १९२० मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. अशा बुद्धीचा एक महिना जरी दुसऱ्याने आधीच सोडविलेल्या प्रश्नात खर्ची पडला असेल, तर त्याची भरपाई कोण करणार? रंगनाथन यांनी १९६७ मध्ये रामानुजन यांच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गणिताचा अध्यापक ग्रंथपाल का झाला आणि ग्रंथपालच का राहिला, याचे उत्तर आम्हांस तरी या शेजारात सापडते.

मद्रासला परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कायापालट केला. कपाटे वाचकांस खुली केली. वेळ वाढविली. वाचकाला काय हवे आहे हे त्याच्याजवळ जाऊन विचारण्याची प्रथा पाडली. दोन दशकांच्या नोकरीत त्यांनी सुटी म्हणून घेतलीच नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, तो मुख्यतः त्यांच्या खटपटीने. त्याच वर्षी पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढील वर्षी त्यांनी शारदा यांच्याशी विवाह केला. पतीच्या कामावर संसाराचा भार न पडू देणाऱ्या या साध्वीचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९३१ मध्ये त्यांचे पंचसूत्रांचे पुस्तक निघाले. ज्या तत्त्वांचा शोध लंडनमध्ये सुरू झाला ती त्यांस या पाच लहान सूत्रांत गवसली, आणि त्यांतील पहिले सूत्र सुचविण्यात जुने गुरू रॉस यांचा हात होता. पहिल्या सूत्राचे तात्पर्य हे की, ग्रंथाचे सार्थक वापरात आहे, कुलपात नाही. दुसरे व तिसरे सूत्र वाचक आणि ग्रंथ यांची परस्परांशी गाठ पडावी याची काळजी वाहते. चौथे वाचकाच्या वेळाची कदर करते. पाचवे सांगते की, ग्रंथालय ही सजीवाप्रमाणे वाढत राहणारी वस्तू आहे. वाचावयास सोपी वाटणारी ही सूत्रे अंमलात आणणे किती कठीण, हे कोणत्याही वाचनालयाच्या चिटणिसांस विचारावे! त्याच वर्षी मन्नारगुडीजवळच्या खेड्यांतून बैलगाडीचे फिरते ग्रंथालय सुरू झाले, त्यालाही रंगनाथन यांचे मार्गदर्शन होते.

ग्रंथालयांस कायद्याचा आधार हवा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा मद्रासचा, १९४८ चा, तो रंगनाथन यांच्या दीर्घ प्रयत्नांचे फळ होय. त्यात ग्रंथालयासाठी कर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला, पण त्यात अशा कराची तरतूद नाही. त्याचे परिणाम आपल्या गावोगावच्या वाचनालयांचे जमाखर्च पाहणारे जाणतातच.

१९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडले. वय त्रेपन्न. आता विश्रांती घेतली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. परंतु बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू डॉ. राधाकृष्णन यांनी बोलाविले आणि ते तेथे गेले. तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी दोन वर्षांत जवळजवळ एकहाती केले. वाचकहो, या आकड्यावर क्षणभर थांबावे. प्रत्येक ग्रंथ हाती घ्यावयाचा, उघडावयाचा, त्याचा विषय ठरवावयाचा, घटक पाडावयाचे, क्रमांक बांधावयाचा आणि बाजूस ठेवून पुढचा घ्यावयाचा. रोज सव्वाशेहून अधिक ग्रंथ, आणि सुटीचा दिवस नाही. ज्याने पद्धत निर्माण केली त्यानेच पाथरवटाप्रमाणे दगड फोडावेत, असे दृश्य विद्वानांच्या जगात क्वचितच दिसते.

बनारसहून ते दिल्ली विद्यापीठात गेले. या काळात त्यांचे लक्ष ग्रंथाकडून शास्त्रीय निबंधाकडे अधिकाधिक वळले. शास्त्रज्ञ आपला नवा शोध ग्रंथात लिहीत नाही, नियतकालिकातील चार-दहा पानांच्या निबंधात लिहितो. अशी नियतकालिके जगात हजारो. भाषा निरनिराळ्या. ग्रंथाची नोंद ग्रंथालयात होते, पण नियतकालिकाच्या पोटातील निबंधाची नोंद कोण करणार? या कामास प्रलेखन म्हणतात. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत इन्सडॉक हे राष्ट्रीय शास्त्रीय प्रलेखन केंद्र निघाले, त्यामागे रंगनाथन यांची प्रेरणा होती. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या शास्त्रीय संशोधनाचे सारांश देणारे नियतकालिक याच केंद्राने १९६५ पासून काढले. हे केंद्र २००२ मध्ये निस्केअर या संस्थेत आणि ती २०२१ मध्ये आणखी एका नव्या संस्थेत विलीन झाली.

निबंध शोधू इच्छिणाऱ्याच्या मनात कोणता शब्द असेल, हे तालिका करणाऱ्यास आधी कळत नाही. कोणी क्षय म्हणून येईल, कोणी क्ष-किरण म्हणून. रंगनाथन यांनी यावर शृंखला पद्धती काढली. क्रमांकाच्या प्रत्येक कडीवरून एक सूचक नोंद करावयाची, म्हणजे वाचकाने कोणत्याही कडीस हात घातला तरी साखळीच्या शेवटास पोहोचावे. १९५० मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने ही पद्धत स्वीकारली. ज्या देशात पंचवीस वर्षांपूर्वी ते विद्यार्थी म्हणून गेले होते त्या देशाने त्यांचा पाठ गिरविला, याचे कोणा भारतीयास समाधान वाटणार नाही?

१९५५ ते १९५७ ही वर्षे त्यांनी झुरिचमध्ये लेखन-संशोधनात घालविली. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद. पण आम्हांस या मानमरातबांपेक्षा एक निराळी गोष्ट सांगावीशी वाटते. १९५६ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची पुंजी, एक लाख रुपये, मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी दिली. त्या काळच्या एक लाखाची किंमत आमच्या ज्येष्ठ वाचकांस सांगावयास नको. देणगीच्या फलकावर स्वतःचे नाव कोरून घेण्याची हौस आपल्या समाजात थोडी नाही. रंगनाथन यांनी अध्यासनास पत्नी शारदा यांचे नाव दिले. १९६१ मध्ये बेंगळुरू येथे जो न्यास केला, तोही शारदाबाईंच्या नावे जोडलेला.

बेंगळुरूतच १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा त्यास पाठिंबा होता. सत्तरीच्या घरातील रंगनाथन तेथे तरुण विद्यार्थ्यांबरोबर वाद घालीत, शिकवीत आणि लिहीत राहिले.

आता एक अप्रिय गोष्टही सांगणे प्राप्त आहे. द्विबिंदू वर्गीकरण फारच थोड्या ग्रंथालयांनी पत्करले. आपल्या देशातील बहुसंख्य ग्रंथालये आजही ड्यूईंच्या दशांश पद्धतीने चालतात. याचा सारा दोष आम्ही ग्रंथालयांस देणार नाही. रंगनाथन यांचे मन सदैव पुढे धावे. प्रत्येक नव्या आवृत्तीत नियम बदलत, जुने क्रमांक निकामी होत, आणि हजारो पुस्तकांच्या पाठीवरील चिठ्ठ्या पुन्हा बदलावयाच्या कोणी, हा प्रश्न बिचाऱ्या ग्रंथपालापुढे उभा राही. त्यांची परिभाषाही कठीण. सिद्धान्तावर निष्ठा असणाऱ्यास व्यवहाराची गैरसोय क्षुल्लक वाटते, हा थोरांचा दोष त्यांच्यातही होता.

तथापि काळाने एक विलक्षण कलाटणी घेतली. डिजिटल ग्रंथालयात निबंधाला एका फळीवर एकाच जागी उभे राहावे लागत नाही. तेथे क्रमांकाची गरज उणावली, पण पैलूंची वाढली. संगणकाच्या पडद्यावर एखादा विषय शोधला की बाजूच्या रकान्यात शास्त्र, लेखक, वर्ष, भाषा, संस्था असे पर्याय दिसतात आणि एकेक निवडीत गेले की लक्षावधी नोंदींतून हव्या त्या दहा उरतात. तेथे चालतो तो पैलूंचाच विचार. आपल्या घरांतील जी मुले-मुली पीएच्.डी. करतात त्यांचे प्रबंध शोधगंगा या डिजिटल भांडारात जातात. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले. अशा भांडारांत प्रबंध नुसता ठेवून भागत नाही. संगणक अक्षरे जुळवितो. गुरू हा शब्द टाकला तर ग्रहाबरोबर शिक्षकही पुढे येतात. क्षय, राजयक्ष्मा आणि टी. बी. हे एकच, हे त्यास कोणीतरी आधी शिकवावे लागते. प्रबंध सादर करताना विषयाच्या रकान्यात घाईने काहीतरी भरून मोकळे होणाऱ्या संशोधकाचे वर्षानुवर्षांचे श्रम अशा वेळी कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. आमच्या तरुण वाचकांनी तो रकाना भरताना पाच मिनिटे अधिक द्यावीत.

डॉ. रंगनाथन २७ सप्टेंबर १९७२ रोजी बेंगळुरू येथे कालवश झाले. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. द्विबिंदू वर्गीकरणाच्या सातव्या आवृत्तीचे काम त्यांच्या हातून पुरे झाले नव्हते. त्यांचे सहकारी एम्. ए. गोपीनाथ यांनी ती संपादित केली आणि १९८७ मध्ये, गुरूंच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, शारदाबाईंच्या नावच्या न्यासातर्फे ती प्रसिद्ध झाली.